शपथेकडून समुपदेशनाकडे : मद्यासक्तांच्या सेवेचा एक इतिहास

आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीतील कपाटात एक जाडजूड वही आहे. तिच्या पहिल्या पानावर माझ्या पूर्वसूरींपैकी कोणी तरी वळणदार अक्षरांत ‘मद्यत्यागाची शपथ’ असे लिहून ठेवले आहे. पुढे रकाने आखलेले आहेत : नाव, गाव, दिनांक, सही अथवा अंगठा, आणि शेवटी धर्मगुरूंची सही. बहुतेक नोंदी उपवासकाळातल्या. वही सावकाश चाळली म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की, तीच ती नावे पुनःपुन्हा येतात. एका गृहस्थांचे नाव तर चार निरनिराळ्या धर्मगुरूंच्या सह्यांसमोर आहे. दुसरी गोष्ट ही की, सबंध वहीत एकाही स्त्रीचे नाव नाही.

ह्या वहीत माझ्याही सहीच्या नोंदी आहेत. दीक्षा होऊन मला जेमतेम तीन वर्षे झाली होती. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक बाई आपल्या नवऱ्याला घेऊन आली. तो गवंडीकाम करणारा, हाताचा कसबी, परंतु दारूपायी काम सुटलेला. मी त्याला वेदीसमोर गुडघे टेकायला लावले, बायबलवर हात ठेवायला सांगितला आणि शपथ दिली. त्याच्या डोळ्यांत पाणी आले, माझ्याही आले. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो, हे कबूल केले पाहिजे. शपथ पुनरुत्थानाच्या सणापर्यंत टिकली. त्यानंतर तो देवळात दिसेनासा झाला. वाटेत मी दिसलो की तो रस्ता बदलू लागला. शपथ मोडलेल्या माणसाला शपथ देणाऱ्याचे तोंड पाहवत नाही, एवढी साधी गोष्ट मला सेमिनरीत कोणी शिकवली नव्हती, किंवा शिकवली असेल तर माझे लक्ष नव्हते. काही महिन्यांनी ती बाई एकटीच आली. मी तिला नेहमीचा उपदेश केला : धीर धर, प्रार्थना कर. ती म्हणाली, “फादर, शपथ त्यांनी घेतली, मोडलीही त्यांनीच. रात्री दाराकडे डोळे लावून मी बसते. मला कुणी काही विचारणार का?”

तिला काही विचारावे, हे चर्चला आणि समाजाला सुचायला किती काळ लागला, आणि कोणाकोणाच्या हातून ते घडले, हे शोधण्याच्या खटपटीतून प्रस्तुत लेख सिद्ध झाला आहे.

शपथेच्या पद्धतीला हसून सोडून देणे अन्यायाचे होईल. तिच्या इतिहासात थोर माणसे आहेत. आयर्लंडमधील कॉर्क शहरात फादर थिओबाल्ड मॅथ्यू नावाचे कॅपुचिन धर्मगुरू होते. गोरगरिबांत मिसळणारे, सर्व पंथांच्या लोकांना आपले वाटणारे. विल्यम मार्टिन ह्या क्वेकर गृहस्थांच्या आग्रहावरून त्यांनी १० एप्रिल १८३८ रोजी संपूर्ण मद्यत्यागाच्या शपथपत्रावर स्वतः सही केली आणि पाहता पाहता तिची लाट झाली. लोक मैलोन्मैल चालत येत, थव्याथव्याने गुडघे टेकून शपथेचे शब्द उच्चारीत, पदक गळ्यात घालून परत जात. अवघ्या काही वर्षांत लाखो लोकांनी शपथ घेतली आणि देशातील मद्याचा खप खरोखरीच घटला. पुढे १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, समाजाची घडी विस्कटली आणि चळवळही ओसरली. १८५६ मध्ये फादर मॅथ्यू निवर्तले तेव्हा तिचा बहर केव्हाच संपला होता. ह्या ओहोटीला केवळ दुष्काळ कारणीभूत होता असे मला वाटत नाही. हजारांच्या जमावाला शपथ देता येते, पण दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागलेल्या एका माणसाशी बोलायला कोणी तरी त्याच्याजवळ बसावे लागते, आणि तशी व्यवस्था त्या चळवळीत नव्हती.

ह्याच्या उलट एक उदाहरण पाहावे. डब्लिनचा मजूर मॅट टॅल्बट ह्याने १८८४ साली क्लॉनलिफ येथील होली क्रॉस कॉलेजमध्ये जाऊन एका धर्मगुरूंपाशी शपथ घेतली. ती त्याने आयुष्यभर, म्हणजे १९२५ पर्यंत पाळली आणि १९७५ मध्ये चर्चने त्याला ‘आदरणीय’ ही पदवी दिली. प्रवचनांतून आपण त्याची शपथ सांगतो. त्याने प्रथम केवळ तीन महिन्यांची शपथ घेतली होती व मग मुदत वाढवीत नेली, हे सहसा सांगत नाही. त्याला अनुभवी आध्यात्मिक मार्गदर्शक लाभले, रोजचा दिनक्रम लाभला, हेही गाळतो. मॅट टॅल्बटला शपथेने तारले की त्या सोबतीने, हा प्रश्न निदान विचारण्याजोगा आहे.

मद्याची झळ घराला बसते हे स्त्रियांनी पुरुषांच्या आधी ओळखले. अमेरिकेतील स्त्रियांनी १८७४ मध्ये ख्रिस्ती स्त्रियांचा मद्यनिषेध संघ स्थापन केला, तो ह्याच जाणिवेतून. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ ह्या काळात अमेरिकेत होत्या तेव्हा त्यांचा ह्या संघाशी निकटचा संबंध आला होता. परंतु त्या संघाच्या हातातील साधने शपथ आणि कायदेबंदी हीच होती. घरात काय चालले आहे हे त्या स्त्रियांना पुरेपूर ठाऊक होते. त्या घरातील माणसांशी बोलावे कसे, ह्याचे शास्त्र तेव्हा जन्मालाच यायचे होते.

मद्यप्यांनी मद्यप्यांशी बोलावे ही कल्पना मात्र ह्याआधीच एकदा उगवून गेली होती. १८४० मध्ये बाल्टिमोर येथील एका गुत्त्यात सहा मित्रांनी मद्य सोडण्याचा निश्चय केला व वॉशिंग्टनच्या नावाने संघ काढला. तेथे व्याख्यात्याऐवजी पूर्वीचे मद्यपीच उठून आपापली कहाणी सांगत. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्ड येथे ह्या संघापुढे बोलताना अब्राहम लिंकन ह्यांनी मद्यप्यांना दूषणे देणाऱ्या उपदेशकांना चार शब्द सुनावले आणि मनवळवणीचा पक्ष घेतला. दशक संपण्याच्या आत हा संघ विरून गेला. कल्पना मागे राहिली, पण बरीच वर्षे कोणी ती उचलली नाही.

‘समुपदेशन’ ह्या शब्दाला आज जो अर्थ आहे त्या अर्थाने मद्यासक्तांच्या बाबतीत त्याचा आरंभ कोठे झाला असे कोणी विचारले, तर मी बॉस्टनमधील इमॅन्युएल चर्चकडे बोट दाखवीन. तेथील एपिस्कोपल धर्मगुरू एल्वुड वुस्टर हे लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्र शिकून आलेले. १९०६ मध्ये त्यांनी आपले सहकारी सॅम्युअल मॅकोम्ब आणि डॉक्टर इसाडोर कोरिअट ह्यांच्या साह्याने चर्चच्या आवारातच मनोविकारांनी पीडित लोकांसाठी एक केंद्र उघडले. आधी वैद्यकीय तपासणी, मग एकांतात संभाषण, शरीर व मन सैल सोडण्याचा अभ्यास आणि प्रार्थना, असा तेथील क्रम होता. डॉक्टरांपैकी अनेकांनी टीका केली : धर्मगुरूने वैद्याच्या शेतात नांगर का घालावा? टीका सर्वस्वी चूक नव्हती. परंतु ह्या केंद्रातून एक अपूर्व गोष्ट घडली. १९११ मध्ये कोर्टनी बेलर नावाचा मद्यासक्त माणूस वुस्टर ह्यांच्याकडे आला, बरा झाला आणि लवकरच तेथेच इतर मद्यप्यांचा समुपदेशक म्हणून काम करू लागला. तो डॉक्टर नव्हता, धर्मगुरूही नव्हता. ज्या खड्ड्यातून तो वर आला होता त्या खड्ड्याची त्याला माहिती होती, हीच त्याची पदवी. आपल्या पद्धतीविषयी त्याने १९१९ मध्ये पुस्तक लिहिले. त्याने बरा केलेला रिचर्ड पीबडी पुढे स्वतः ह्याच कामात पडला आणि त्याचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले.

आता १९३५ सालाकडे यावे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची जन्मकथा आपल्यापैकी पुष्कळांना स्थूलमानाने माहीत असते. तिच्यातील धर्मगुरूंचे व धर्मभगिनींचे काम मात्र थोड्यांना माहीत असते, म्हणून येथे जरा रेंगाळतो.

न्यू यॉर्कचा बिल विल्सन डिसेंबर १९३४ मध्ये टाउन्स इस्पितळात दाखल झाला असता त्याला गाढ असा धार्मिक अनुभव आला व त्याची दारू सुटली. बाहेर आल्यावर त्याने रस्त्यावरचे मद्यपी गाठून गाठून त्यांना आपला साक्षात्कार सांगण्याचा सपाटा लावला. पाच-सहा महिन्यांत एकाचीही दारू सुटली नाही. इस्पितळाचे डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ ह्यांनी त्याला समज दिली : प्रवचन थांबव, आधी ह्या आजाराची शारीरिक बाजू सांग. मे महिन्यात धंद्याच्या कामासाठी तो ओहायोतील ॲक्रन शहरी गेला. काम फसले. हॉटेलच्या एका बाजूला मद्यालय गजबजले होते. आपण आता पिणार, असे त्याला वाटू लागले. त्या क्षणी त्याला असे उमगले की, आपल्याला वाचायचे असेल तर दुसऱ्या एखाद्या मद्यप्याशी बोलले पाहिजे. त्याने चर्चच्या यादीतून एक नाव निवडून दूरध्वनी केला. पलीकडे रेव्हरंड वॉल्टर टंक्स होते. अनोळखी माणूस फोनवर म्हणतो की मी मद्यपी आहे, मला दुसरा मद्यपी गाठून द्या. टंक्स ह्यांनी ना उपदेश केला, ना फोन ठेवून दिला. त्यांनी काही नावे सांगितली. त्या नावांच्या साखळीतून विल्सन हेन्रिएटा सायबरलिंग ह्या बाईंपर्यंत पोचला आणि १२ मे १९३५ रोजी तिच्या घरी डॉ. रॉबर्ट स्मिथ ह्यांची गाठ पडली. स्मिथ शल्यचिकित्सक होते आणि कमालीचे पीत. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसणार नाही असे सांगून ते आले होते. बैठक काही तास चालली. विल्सन त्यांना सुधारायला आला नव्हता, स्वतःला वाचवायला आला होता, आणि नेमक्या ह्याच कारणाने स्मिथ ह्यांचे कान उघडले. त्यांनी १० जून १९३५ रोजी अखेरचा घोट घेतला, आणि तोच दिवस संस्थेचा स्थापनादिन मानला जातो. टंक्स ह्यांचे नाव इतिहासात एवढ्याशा कामासाठी राहिले आहे. पाळकाने कधी कधी इतकेच करायचे असते.

पुढे १९३९ मध्ये डॉ. स्मिथ ह्यांना ॲक्रनच्या सेंट थॉमस इस्पितळात सिस्टर इग्नेशिया ह्यांचे साह्य मिळाले. इस्पितळे तेव्हा मद्यप्यांना आत घेत नसत. सिस्टर रुग्णनोंदणीचे काम पाहत. त्यांनी १६ ऑगस्ट १९३९ रोजी एका मद्यप्याला ‘जठराचा तीव्र दाह’ अशी नोंद करून दाखल केले आणि इतरांच्या नजरेपासून दूर ठेवण्यासाठी त्याची खाट फुलांची निगा राखण्याच्या खोलीत लावली. (नोंद अगदीच खोटी नव्हती, असे कोणीही डॉक्टर सांगेल.) इस्पितळातून जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला त्या पवित्र हृदयाचे चिन्ह देत आणि बजावून सांगत : पुन्हा पिण्याची इच्छा झाली तर आधी येऊन हे मला परत करायचे. शपथेतील बंधन येथेही आहे. परंतु माझ्या गवंड्याच्या शपथेत आणि ह्या चिन्हात केवढा फरक पडला तो पाहावा. माझी शपथ मोडल्यावर त्याला माझ्यापासून पळावे लागले. ह्या चिन्हाने मोडण्याच्या घटकेलाच सिस्टरकडे यायची वाट दाखवली होती.

इस्पितळाचा विषय निघालाच आहे तर एक धोक्याची सूचना देतो. जो माणूस अनेक वर्षे रोज भरपूर पितो, ज्याचे सकाळी हात कापतात, त्याने एका दिवसात दारू तोडली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, क्वचित प्राणही जाऊ शकतो. अशा माणसाला वेदीसमोर ‘आत्तापासून थेंब नाही’ अशी शपथ देऊन घरी पाठवणे म्हणजे नकळत त्याला संकटात लोटणे होय. त्याची पहिली पायरी डॉक्टरांच्या देखरेखीची. हे मला फार उशिरा कळले, आणि त्या वहीतील काही नावांवरून हात फिरवताना आजही मन अस्वस्थ होते.

१९४० सालच्या अखेरीस, पावसागारठ्याच्या एका रात्री, न्यू यॉर्कमधील संघाच्या घरी काठी टेकीत एक लंगडे गृहस्थ आले. विल्सन तेव्हा फार निराश होता. आणखी एक दारुडा आला असेल म्हणून तो वैतागला. आलेले गृहस्थ सेंट लुईसचे येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग होते. संघाच्या बारा पायऱ्या आणि संत इग्नेशियस लोयोला ह्यांची ‘आध्यात्मिक साधना’ ह्यांत त्यांना विलक्षण साम्य दिसले होते व त्याविषयी त्यांना विचारायचे होते. विल्सनने त्या ग्रंथाचे नावही ऐकले नव्हते. त्या रात्री विल्सनने डाउलिंग ह्यांच्यापाशी आपले अंतःकरण पूर्णपणे मोकळे केले. पुढे तो म्हणत असे की, संघाची पाचवी पायरी, म्हणजे आपले दोष देवापाशी, स्वतःपाशी आणि दुसऱ्या एका माणसापाशी मान्य करणे, ही आपण त्या रात्री चढलो. डाउलिंग स्वतः मद्यपी नव्हते आणि विल्सन कॅथलिक नव्हता, झालाही नाही. १९६० मध्ये डाउलिंग वारले तोवर त्यांची मैत्री टिकली.

येथे आपल्या व्यवसायाशी संबंधित एक मुद्दा आहे. पाचवी पायरी पापनिवेदनासारखी दिसते, पण ती प्रायश्चित्त संस्कार नव्हे. संस्कारात आपण पाप ऐकतो, क्षमा उच्चारतो, आणि जे ऐकले त्याचा उल्लेखही पुन्हा करू शकत नाही. समुपदेशनात ऐकलेल्या गोष्टीकडे पुढच्या आठवड्यात परत यावे लागते : मागच्या शनिवारी पगाराच्या संध्याकाळचे सांगत होता, ह्या शनिवारी काय झाले? म्हणून दोहोंची जागा आणि वेळ वेगळी ठेवणे आवश्यक आहे. ज्या धर्मबंधूंनी दोन्ही एकत्र केले त्यांची अवस्था मी पाहिली आहे. संस्काराच्या बंधनामुळे त्यांना पुढे तोंडच उघडता येईना.

आणि आपण स्वतः? इंडियानापोलिसचे फादर राल्फ फाउ हे १९४३ मध्ये अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये आले. त्या संघात उघडपणे आलेले ते पहिले कॅथलिक धर्मगुरू मानले जातात. त्यांनी टोपणनावाने लिहिले, आणि व्यसनाने ग्रासलेल्या धर्मगुरूंसाठी १९४९ मध्ये राष्ट्रीय परिषद उभी केली. आपल्या वहीत धर्मगुरूंच्या नावाचा रकाना शेवटी असतो, पहिल्या रकान्यात तो कधी येत नाही, एवढेच म्हणून पुढे जातो.

कुटुंबाची पाळी ह्यानंतर आली. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने सतरा वर्षे नवऱ्याला सांभाळले होते. त्याची दारू सुटल्यावर आपण सुखी होऊ असे तिला वाटले. तसे झाले नाही. जे तिच्या प्रेमाने साधले नाही ते परक्या माणसांनी आठवड्याभरात साधले, ह्याचा तिला मनस्वी राग आला होता. एका रविवारी त्याने सभेला लवकर चल असे म्हणताच तिने पायातील जोडा काढून त्याला फेकून मारला. मग ती स्वतःच थबकली : राग कशाचा? ह्या प्रश्नातून पुढे १९५१ मध्ये तिने व तिच्या एका मैत्रिणीने अल-अनॉन हा कुटुंबीयांचा संघ उभा केला. १९५७ मध्ये मद्यप्यांच्या किशोरवयीन मुलांसाठी त्याची शाखा निघाली. अर्थात ॲक्रनमध्ये डॉ. स्मिथ ह्यांची पत्नी ॲन ही फार आधीपासून मद्यप्यांच्या बायकांना जवळ बसवून त्यांचे ऐकत असे, पण तिच्या त्या कामाला संस्थेचे नाव मिळाले नाही.

अल-अनॉनने जे सांगितले ते आपल्या उपदेशाहून दिसायला फारसे वेगळे नाही, पण फरक मूलगामी आहे. त्याचे पिणे तुझ्यामुळे नाही. ते थांबवणे तुझ्या हाती नाही. आणि तुझे जगणे त्याच्या शुद्धीवर येण्यासाठी ताटकळत ठेवू नकोस. ‘धीर धर’ ह्या शब्दांत आपण बाईला नेमके ताटकळतच ठेवतो. मारहाण होत असेल तर आपण तिला धोक्यातही ठेवतो. अशा घरी पहिला प्रश्न सुरक्षिततेचा : आज रात्री ती व मुले कोठे झोपणार? धैर्याच्या सद्‌गुणावरचे प्रवचन त्यानंतर, किंवा मुळीच नाही.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. मिनेसोटातील विल्मर येथील सरकारी इस्पितळात १९५४ मध्ये मद्यासक्तीच्या समुपदेशकाचे पगारी पद निर्माण झाले आणि व्यसनमुक्त माणसे डॉक्टर-मानसशास्त्रज्ञांच्या पंक्तीत बसली. कोर्टनी बेलरने जे एकट्याने केले त्याचा आता पेशा झाला. त्याच प्रांतातील व्हर्नन जॉन्सन हे एपिस्कोपल धर्मगुरू स्वतः व्यसनातून वर आलेले. माणूस पुरता धुळीला मिळाल्याशिवाय शुद्धीवर येत नाही, ह्या समजुतीला त्यांनी १९६० नंतर आव्हान दिले. कुटुंबीयांनी एकत्र बसून मद्यप्याला घडलेल्या गोष्टी जशाच्या तशा, न चिडता सांगाव्या आणि उपचाराचा आग्रह धरावा, ही त्यांची रीत. तीत एक अडचण निघाली. असा समोरासमोरचा प्रसंग ओढवून घ्यायला बहुतेक घरे शेवटच्या क्षणी कचरतात.

दरम्यान बोलण्याच्या रीतीचाच अभ्यास सुरू झाला होता. कार्ल रॉजर्स हे पूर्वी न्यू यॉर्कच्या युनियन सेमिनरीत धर्मशास्त्राचे विद्यार्थी होते. ते सोडून ते मानसशास्त्राकडे वळले आणि १९४२ मध्ये समुपदेशनावर त्यांनी ग्रंथ लिहिला. समोरच्याला न तोलता ऐकणे हा त्यांच्या सांगण्याचा गाभा. तोच धागा धरून विल्यम मिलर ह्यांनी १९८३ मध्ये व्यसनी माणसाच्या मनातील द्विधा त्याच्याच तोंडून उलगडून घेण्याची पद्धत मांडली. मिलर व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, समुपदेशक जितका अधिक तोंडावर दोष काढील, तितका तो माणूस वर्षभरानंतर अधिक पीत असतो. आपल्या उपवासकाळातील प्रवचनकारांनी हे वाक्य एकदा सावकाश वाचावे. आणि १९९९ मध्ये त्यांनीच १३० कुटुंबीयांवर केलेली तुलना प्रसिद्ध झाली. ज्या घरच्या माणसांना अल-अनॉनच्या धर्तीवर साह्य दिले त्यांच्यापैकी १३ टक्के घरांतील मद्यपी उपचाराला आले. जॉन्सन ह्यांच्या रीतीने ३० टक्के आले. आणि जेथे कुटुंबीयांना घरी कसे बोलावे, शुद्धीच्या वेळी जवळीक कशी करावी, पिण्याच्या वेळी बाजूला कसे व्हावे आणि स्वतःचे आयुष्य कसे सावरावे हे शिकवले, तेथे ६४ टक्के आले. अल-अनॉनचा उद्देशच मद्यप्याला उपचाराला आणण्याचा नसतो, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही आकडे बोलके आहेत. जिला मी ‘धीर धर’ म्हणून परत पाठवले, उपचाराच्या दाराची किल्ली तिच्याकडेच असण्याचा पुष्कळ संभव होता.

आपल्या देशात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सभा १९५७ मध्ये मुंबईत सुरू झाली. पतीच्या मद्यासक्तीचे दुःख भोगलेल्या शांती रंगनाथन ह्यांनी १९८० मध्ये मद्रास येथे उपचारकेंद्र काढले. १९८१ मध्ये मुंबईत वांद्रे येथे फादर ज्यो परेरा ह्यांनी ‘कृपा’ची स्थापना केली आणि बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड दिली. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांची देणगी त्याच्या पाठीशी होती. मराठी घरातील बायकोने नवऱ्याच्या व्यसनाविषयी चारचौघींत बसून मराठीत बोलावे, हे आपल्याकडे अशा केंद्रांमुळे शक्य झाले.

परंतु खेड्यापाड्यांतून केंद्रापर्यंत कितीजण पोचतात? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे, मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसले तरी उपचार मिळालेले असतात.

म्हणून गोव्यात झालेला एक प्रयोग मला आपल्या धर्मशिक्षकांच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. ‘संगथ’ ह्या संस्थेने तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या परंतु पूर्णतः आहारी न गेलेल्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना समुपदेशन दिले. समुपदेशक गावातलेच साधे लोक, मानसोपचाराची पदवी नसलेले. त्यांना थोड्या अवधीचे शिक्षण दिले आणि पुढे ते एकमेकांच्या बैठकींच्या ध्वनिफिती ऐकून एकमेकांना सुधारीत. एका माणसाबरोबर फार तर चार बैठकी. पिण्याने तुझे काय काय होते ते तूच सांग, कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत इच्छा होते ते पाहू, मित्राने ग्लास पुढे केला तर नाही कसे म्हणशील ते आत्ता म्हणून दाखव, एवढेच. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. वर्षाअखेर हे अंतर ५४ व ३२ टक्के असे वाढले होते. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे आणि ती वाचून मी थांबलो. तीन महिन्यांच्या त्या तपासणीत पत्नीला होणाऱ्या मारहाणीत मात्र फरक पडलेला दिसला नाही. नवऱ्याशी चार वेळा बोलून घर सुधारत नाही. बायकोशी वेगळे बोलावे लागते.

मी ती शपथवही बंद केलेली नाही. कोणी शपथ मागायला आला तर देतो, परंतु मॅट टॅल्बटप्रमाणे थोड्या मुदतीची, आणि मुदत संपेपर्यंत दर आठवड्याला भेटायचे ठरवून. हात कापणाऱ्याला आधी तालुक्याच्या डॉक्टरांकडे पाठवतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका धर्मशिक्षकाला व एका निवृत्त परिचारिकेला पुण्याला शिक्षणासाठी धाडले. आता शनिवारी संध्याकाळी पॅरिशच्या मागल्या खोलीत ते दोघे बसतात. पापनिवेदनाची जागा त्या खोलीपासून लांब आहे आणि ती तशीच लांब ठेवली आहे. पहिले दोन शनिवार कोणीच आले नाही. तिसऱ्या शनिवारी एक म्हातारी आली. तिला वाटले की आत यायला मुलाला घेऊनच यावे लागते, म्हणून ती बराच वेळ पायरीवर बसून होती. परिचारिकाबाई बाहेर जाऊन तिला म्हणाल्या, “आजी, तुम्हीच या.”